अद्भुत कादंबरीतल्या गुप्त मंडळींची नावे : तलवार, माळ आणि 'ऑर्डर'

अंधारबाव (धागाकर्ता) :

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक अद्भुत कादंबरी लिहितो आहे. ती एका काल्पनिक डोंगरी किल्ल्यावर घडते. पण मी कोल्हापूरचा असल्यामुळे, आणि लहानपणी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पन्हाळा दाखवण्याचे काम माझ्याकडेच असल्यामुळे, तिथली तटबंदी, वारा आणि विशेषतः अंधारबाव ही तीन मजली विहीर त्या किल्ल्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. कथेत एक गुप्त मंडळी आहे. किल्ल्याच्या पोटातल्या एका जिवंत झऱ्याचे रक्षण करणे हे तिचे पिढीजात काम. या मंडळीचे नाव मी 'रक्तगरुड संघ' असे ठेवले होते. शिवाजी पेठेतल्या मित्राला पहिली चार प्रकरणे वाचून दाखवली, तेव्हा त्याने गंभीर चेहऱ्याने विचारले, की या संघाचे रोजचे दूधसंकलन किती आहे.

दोष त्याचा नव्हे. आपल्या जिल्ह्यात संघ म्हटले की दूध किंवा खत आठवते, मंडळ म्हटले की गणपतीची वर्गणी आठवते, आणि सेना, दल, परिषद हे शब्द निवडणुकीच्या फलकांनी केव्हाच वापरून झिजवले आहेत.

माझा मूळ प्रश्न मात्र विनोदाचा नाही. इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांतल्या गुप्त गटांच्या नावांत दोन सूर एकत्र ऐकू येतात. एक सरदारी शौर्याचा, म्हणजे घोडा, तलवार, शपथ, मानचिन्हे यांचा. दुसरा मठाचा, म्हणजे दीक्षा, व्रत, बंधुभाव, आज्ञापालन यांचा. 'ऑर्डर', 'ब्रदरहूड', 'नाइट्स' असे शब्द नुसते कानावर पडले, तरी ही साधी टोळी नाही, या माणसांनी कशासाठी तरी स्वतःला बांधून घेतले आहे, हे वाचकाला न सांगता समजते. हॅरी पॉटरच्या २००३ साली आलेल्या पाचव्या पुस्तकाच्या नावात 'ऑर्डर ऑफ द फीनिक्स' आहे; त्याच्या हिंदी अनुवादाच्या नावात 'मायापंछी का समूह' असे आहे. मायापंछी हा शब्द मला फार आवडला. पण 'समूह' म्हटल्याबरोबर व्रतही गेले आणि तलवारही गेली, उरली ती केवळ माणसांची संख्या. अनुवादकाला मी नावे ठेवत नाही, कारण त्याच्या जागी मला तरी याहून बरा शब्द चटकन सुचला असता असे वाटत नाही.

मराठीत हे दोन्ही सूर एका नावात आणता येतात का, आणि येत असतील तर कोणत्या शब्दाने, एवढेच विचारायचे आहे.

निळीशाई :

तुमचा प्रश्न सोडवण्याआधी 'ऑर्डर' या शब्दात ते दोन सूर आले कुठून, हे पाहणे बरे. मूळ लॅटिन शब्द 'ओर्दो'. त्याचा अर्थ रांग, पायरी, दर्जा. रोममध्ये 'ओर्दो इक्वेस्टर' म्हणजे घोडेस्वारांचा सामाजिक वर्ग. पुढे ख्रिस्ती चर्चने हाच शब्द पुरोहितपदाच्या पायऱ्यांसाठी घेतला, आणि नंतर एकाच नियमाखाली राहणाऱ्या भिक्षूंच्या समुदायालाही तो लागू झाला. म्हणजे घोडा आणि मठ हे दोघे या एका शब्दाच्या छपराखाली आधीपासूनच राहत होते. त्यांची प्रत्यक्ष गाठ पडायला मात्र बारावे शतक उजाडावे लागले.

सुमारे १११९ साली जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या रक्षणासाठी काही सरदार एकत्र आले. भिक्षूंची दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते त्यांनी घेतली, पण तलवार खाली ठेवली नाही. फ्रान्समधल्या त्र्वा येथील धर्मसभेने ११२९ साली त्यांना मान्यता दिली. हेच टेम्पलर. पूर्वीच्या विचाराप्रमाणे माणूस एकतर लढणारा असे किंवा प्रार्थना करणारा असे. दोन्ही एकाच अंगावर वागवणारा हा प्रकार त्या काळालाही नवाच होता. पुढे फ्रान्सच्या राजाने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्यांची धरपकड केली आणि १३१२ साली पोपने संघटनाच विसर्जित केली. माझ्या मते त्यांचे साहित्यातले दीर्घायुष्य या अचानक शेवटात आहे. जी संघटना हळूहळू म्हातारी होऊन मेली, तिच्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही. जी एका पहाटे पकडली गेली, तिचे उरलेले सदस्य कुठे गेले असतील, या प्रश्नावर सातशे वर्षे कथा निघत आल्या आहेत.

यानंतर राजांनी स्वतःच्या दरबारी 'ऑर्डर' काढल्या. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची गार्टर १३४८ ची, बर्गंडीच्या ड्यूकची गोल्डन फ्लीस १४३० ची. त्यांत मठ झिरपत झिरपत समारंभापुरता उरला आणि मानचिन्ह मोठे झाले. हॅरी पॉटरमध्ये हे दोन्ही वंश शेजारी शेजारी दिसतात. 'ऑर्डर ऑफ मर्लिन' हे छातीवर मिरवायचे पदक आहे, तर 'ऑर्डर ऑफ द फीनिक्स' ही जीव पणाला लावणाऱ्यांची गुप्त मंडळी आहे. आणि जळून पुन्हा जन्मणारा हा पक्षी आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी पुनरुत्थानाची खूण म्हणून वापरलेला आहे. नावातला धार्मिक सूर त्यामुळे दुप्पट होतो.

म्हणून मला वाटते, की तुम्ही शब्दाचा अनुवाद शोधत बसू नका. आपल्याकडे शस्त्र आणि व्रत एकाच माणसाच्या अंगावर कुठे आले, ते शोधा.

तांबडापांढरा :

'कट' हा शब्द विचारात घ्यावा असे सुचवतो. गुप्तता आहे, जुना मराठी शब्द आहे, आणि कोल्हापुरात त्याच्याविषयी जी श्रद्धा आहे, तिला धार्मिकच म्हणावे लागेल. सकाळी मिसळीच्या दुकानात 'कट वाढवा' अशी आरोळी उघडपणे दिली जाते, एवढीच काय ती अडचण.

लालमाती :

तांबडापांढरा यांचा प्रतिसाद वाचून हसलो, पण निळीशाई यांच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर मला याच शहरात दिसते आहे. शस्त्र आणि व्रत एकत्र आले ते आखाड्यात. हा एकच शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो आणि त्यात काही विचित्र आहे असे आपल्याला वाटतही नाही. मल्ल लढतात तो आखाडा, आणि दशनामी संन्याशांचे जुना, निरंजनी, महानिर्वाणी हेही आखाडेच. त्यांतले नागा साधू केवळ भस्म लावून बसणारे नव्हते. अठराव्या शतकात त्यांच्या फौजा पगारावर लढत होत्या. १७६१ साली पानिपतावर अनुपगिरी गोसाव्याचे लोक शुजाउद्दौलाच्या बाजूने, म्हणजे आपल्या विरुद्ध बाजूने उभे होते. दीक्षा, गुरुपरंपरा, ब्रह्मचर्य, शस्त्र, निशाण आणि स्वतःची छावणी, एवढे सगळे असलेल्या संस्थेला 'ऑर्डर' म्हणायला आणखी काय हवे?

दुसरा शब्द तालीम. मूळ अरबी, अर्थ शिक्षण. पण कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. आत मारुतीची मूर्ती, खाली लाल माती, समोर वस्ताद. मातीत उतरण्याआधी ती कपाळाला लावायची. 'लंगोटाचा पक्का' हा आपला वाक्प्रचार पाहा. त्यात कुस्तीगिराची ताकदही आहे आणि भिक्षूचे ब्रह्मचर्यही आहे, आणि दोन्ही एका हातभर कापडात बसवली आहेत. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत गावोगावची मुले घरदार सोडून राहत आली आहेत, एका खोलीत, एका नियमाखाली. निळीशाई यांनी मठाचे जे वर्णन केले, ते मला तरी ओळखीचे वाटले.

नावांविषयी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे तालमींची नावे फार भपकेबाज नसतात. 'पाटाकडील तालीम' म्हणजे पाटाच्या बाजूची तालीम. बस्स. पण फुटबॉलच्या सामन्याला शाहू स्टेडियममध्ये ते नाव पुकारले गेले, की निम्मे मैदान उठून उभे राहते. नावात तेज आधी नसते. ते माणसे पिढ्यान्‌पिढ्या घालत राहतात. 'रक्तगरुड' या नावात सगळे तेज तुम्हीच आधी ओतून ठेवले आहे, त्यामुळे पात्रांना करायला काही उरलेले नाही.

निळीशाई :

लालमाती यांचा शेवटचा मुद्दा त्यांना वाटतो त्याहून अधिक खरा आहे. टेम्पलर हे नावही पत्त्यावरूनच पडलेले आहे. जेरुसलेमच्या राजाने त्यांना जिथे जागा दिली, तिथे पूर्वी सॉलोमनचे मंदिर होते अशी समजूत होती, म्हणून ते 'मंदिरवाले' झाले. त्यांचे पूर्ण नाव तर 'ख्रिस्ताचे आणि सॉलोमनच्या मंदिराचे गरीब सहसैनिक' असे आहे. पुढे गडगंज झालेल्या या संघटनेच्या नावातला पहिला शब्द 'गरीब' हा होता! फ्रान्सिस्कन साधूही स्वतःला 'धाकटे भाऊ' म्हणवतात. मठाचा खरा सूर या नम्रतेत असतो, आणि अद्भुत कादंबऱ्यांचे बहुतेक लेखक नेमका तोच गाळतात व फक्त गरुड, रक्त, रजनी आणि छाया उचलतात.

'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी तो गाळलेला नाही. त्यांच्या कथेतल्या सशस्त्र धर्मपंथातल्या पायदळाचे नाव 'पुअर फेलोज' असे आहे, आणि त्यामागे टेम्पलरांच्या पूर्ण नावाचा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्याच 'नाइट्स वॉच'चे नाव तर अगदीच साधे आहे, रात्रीचा पहारा. पण त्यात शिरणाऱ्याने बायको करायची नाही, जमीन धरायची नाही, मुले होऊ द्यायची नाहीत, आणि सगळ्यांनी एकमेकांना भाऊ मानायचे. नाव हलके आणि शपथ जड, अशी ही वाटणी मला आदर्श वाटते.

मोडीवाचक :

शपथेचा विषय निघाला म्हणून लिहितो. जुन्या मराठी कागदपत्रांत बेलभंडार उचलण्याचा उल्लेख वारंवार येतो. बेलाचे पान महादेवाचे, भंडारा खंडोबाचा. फितुरी होणार नाही, इमान राखले जाईल, याची खात्री देण्यासाठी सरदार, पाटील, वतनदार बेलभंडार उचलत. लढाई आणि राजकारण यांचे वचन देवाच्या पानावर घेतले जाई. तुम्ही जे दोन सूर शोधत आहात, ते मराठीत मंडळीच्या नामात नसून या क्रियेत आहेत, असे माझे मत आहे. संघ की पंथ की आखाडा हा वाद त्यामानाने दुय्यम आहे.

आता खऱ्या गुप्त मंडळींची नावे पाहू, कारण कादंबरीकार ती क्वचितच पाहतात. बंकिमचंद्रांच्या १८८२ सालच्या 'आनंदमठ'मधले शस्त्रधारी संन्यासी स्वतःला 'संतान' म्हणवतात, आणि राहतात मठात. ही कादंबरी झाली. तिच्या छायेत वाढलेल्या बंगालमध्ये १९०२ साली निघालेल्या खऱ्या क्रांतिकारी संघटनेचे नाव मात्र 'अनुशीलन समिती', म्हणजे अभ्यासमंडळ म्हणून सहज खपेल असे. नाशिकच्या क्रांतिकारकांच्या 'मित्रमेळ्या'त मेळा हा शब्द गणेशोत्सवातल्या मेळ्यांचा. त्याचे १९०४ साली 'अभिनव भारत' झाले, तेव्हा समोर इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याची 'यंग इटली' ही संघटना होती. आपल्या कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला सशस्त्र उठावाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांचा गट होता, त्याचे नाव 'शिवाजी क्लब'. शिवाजी या शब्दात सगळे क्षात्रतेज, आणि क्लब या शब्दात पत्ते आणि टेनिस. पोलिसांच्या वहीत लिहिताना याहून निरुपद्रवी नाव कोणते असणार?

साताऱ्याचे प्रतिसरकार त्याहून पुढचे. १९४३ नंतर गावोगावी समांतर न्यायनिवाडा करणाऱ्या त्या भूमिगत चळवळीने नाव घेतले ते ना घोड्याचे, ना देवाचे. सरळ सरकारचेच घेतले. लोकांनी त्याचे 'पत्री सरकार' केले आणि मग पायांना पत्रे ठोकल्याच्या कथा त्या उच्चाराला येऊन चिकटल्या. नाव ठेवणारा एक अर्थ देतो, आणि बोलणारी तोंडे दुसरा देतात. हा दुसरा अर्थ कादंबरीत घडताना दाखवता आला, तर फार मौज येईल.

जाता जाता, गुप्ततेचा सर्वांत सुंदर मराठी नमुना कुठल्याच लढाऊ गटाचा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. तलवार नाही, तरी कुलूप आहे.

अंधारबाव (धागाकर्ता) :

सर्वांचे आभार. 'रक्तगरुड' काढून टाकले आहे. गरुड आधीच उडाला होता, आता रक्तही पुसले. सध्या माझ्या वहीत 'क्षात्रजल आखाडा' आणि 'अमृतक्षत्र' अशी दोन नावे आहेत. दुसऱ्यात झऱ्याचे पावित्र्य आणि रक्षकांचे शौर्य दोन्ही येतात असे वाटते. या मंडळीत प्रवेश फक्त सात घराण्यांतल्या ज्येष्ठ मुलांना, तोही वेदमंत्रांनी अभिषेक करून, असा माझा आराखडा आहे.

उंबरठा :

धागा मन लावून वाचत होते आणि काही लिहायचे नाही असे ठरवले होते. परंतु 'अमृतक्षत्र', सात घराणी आणि वेदमंत्र हे तिन्ही एका परिच्छेदात, तेही कोल्हापूरच्या माणसाने लिहिलेले पाहिल्यावर राहवले नाही.

ज्या शहरात छत्रपतींच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंचगंगेच्या काठावर ठिणगी पडली आणि ती पुढे वर्षानुवर्षे धुमसत राहिली, त्या शहरात 'क्षत्र' आणि 'वेदमंत्र' हे शब्द केवळ वातावरणनिर्मितीसाठी वापरता येत नाहीत. कुणाला क्षत्रिय म्हणायचे आणि ते कुणी ठरवायचे, हाच इथला वाद होता. शाहू महाराजांनी १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर 'क्षात्रजगद्गुरू' नेमले. क्षात्र आणि जगद्गुरू! तुम्हाला हवे असलेले दोन्ही सूर एका पदवीत, आणि तेही आपल्या जिल्ह्यात. पण त्या पदवीचे बळ तिच्या जोडाक्षरांत नसून, ती कुणाच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून निर्माण झाली, यात आहे. नुसती जोडाक्षरे उचलली, तर उरतो तो भपका.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुमची मंडळी पाण्याचे रक्षण करते. कुणापासून? महाराष्ट्रात पाण्यावर पहारा बसवणारे लोक कोण होते आणि पहाऱ्याबाहेर कोण उभे होते, हे वाचकाला ठाऊक असते. कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्यासाठी १९१९ साली हुकूम काढावा लागला. माणगावची अस्पृश्यांची परिषद मार्च १९२० ची. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. सात घराण्यांची ज्येष्ठ मुले, मंत्र, आणि झाकलेला झरा, हे चित्र युरोपातल्या नाइटांच्या गोष्टीत शौर्याचे दिसेल; आपल्या मातीत आणल्याबरोबर त्याचा अर्थ उलटतो. खलनायकांसाठी हे नाव योजले असेल, तर मात्र उत्तम आहे.

आणि ज्येष्ठ मुलेच का, मुली का नाहीत, हा प्रश्न मी विचारणार नव्हते, तरी विचारते. घरातले पाणी कोण भरत होते?

अंधारबाव (धागाकर्ता) :

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. ही काल्पनिक सृष्टी आहे, तिथे आपला इतिहास लागू होत नाही, असे उत्तर टंकायलाही घेतले होते. मग लक्षात आले, की पन्हाळ्याची तटबंदी आणि अंधारबाव मी हक्काने उचलली, शब्दही इथलेच उचलले, आणि त्यांच्यामागून येणारे तेवढे नाकारतो आहे. तसे करता येणार नाही. सात घराणी काढली. झरा आहे, मंडळी आहे, पण ती कुणापासून काय राखते, हे आता मलाच पुन्हा ठरवावे लागेल.

निळीशाई :

बहिणींच्या गुप्त संघटनेचे एक नमुनेदार नाव इथे नोंदवते. १९६५ सालच्या 'ड्यून' कादंबरीतल्या स्त्रियांच्या संघटनेचे नाव 'बेने गेसेरिट' आहे. कानाला ते एखाद्या प्राचीन पंथाचे वाटते; प्रत्यक्षात ते 'वर्तन चांगले असेल तोवर' अशा अर्थाच्या, न्यायाधीशांच्या नेमणुकीत येणाऱ्या लॅटिन कायदेशीर प्रयोगातले शब्द आहेत. पंथाचा आवाज आणि कचेरीचा अर्थ, अशी ही गंमत आहे.

पानकोबा :

अमीश यांच्या शिवकथांमध्ये मंदिरांत राहून नायकाला मार्गदर्शन करणाऱ्या ज्ञानी लोकांना 'वासुदेव' म्हणतात. इंग्रजीत वाचताना ते भारदस्त वाटते. मला मात्र प्रत्येक वेळी मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारात टाळ वाजवणारा वासुदेव दिसत राहिला. नंतर असेही वाटले, की शिवाजी महाराजांचे हेर वासुदेवाच्या वेषात फिरत, या लोकसमजुतीत खरे म्हणजे तेच नाव अधिक चांगल्या रीतीने गुप्त झालेले आहे.

ओवीबद्ध :

पानकोबा यांच्या वासुदेवाने वाट दाखवली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मराठीत व्रतस्थ माणसांना नावे कशी पडली आहेत, हे पाहा. वारी करणारा तो वारकरी. गळ्यात तुळशीची माळ घालणारा तो माळकरी. टाळ धरणारा टाळकरी. त्याच पद्धतीने गड राखणारा गडकरी, भाला धरणारा भालेकरी, पहारा देणारा पहारेकरी. एका 'करी' या प्रत्ययाने देवाचा माणूसही घडतो आणि शिपाईही घडतो, आणि दोघांच्या नावांत काही फरक दिसत नाही. इंग्रजीला जे 'ऑर्डर' या नामाने साधते, ते मराठीने या दोन अक्षरांनी साधले आहे, असे मला वाटते. फरक इतकाच, की त्यांचा शब्द दर्जा सांगतो आणि आपला प्रत्यय काम सांगतो. माणूस कोण आहे हे न सांगता तो हातात काय धरतो, रोज काय करतो, हे सांगितले जाते. उंबरठाताईंची हरकतही त्यामुळे बरीचशी दूर होते, कारण माळ कुणालाही घालता येते.

तुकोबांचे पाइकीचे अभंग आठवा. पाईक म्हणजे पायदळातला साधा शिपाई. ज्याच्यापाशी घोडा नाही, तो. स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, आणि पायी चालणारा पाईक. युरोपातल्या शौर्याच्या कल्पनेचा उगम घोड्यावर बसलेल्या माणसात आहे. तुकोबांनी भक्तासाठी रूपक निवडले ते पायी चालणाऱ्याचे. आजही आपण 'विठ्ठलाचा पाईक' म्हणतो, तेव्हा तलवार आणि माळ यांची गाठ आपल्या नकळत बांधली जाते. 'धारकरी' हाही वारकरी या शब्दाला जोडून येणारा चांगला जुना शब्द होता; आजच्या वापरामुळे कादंबरीत तो निर्धास्तपणे घेता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता तुमच्या मंडळीविषयी. झरा आहे, अंधारी बाव आहे. मग त्यांच्या हातात काय असेल? तलवार नव्हे. पोहरा. त्यांना 'पोहरेकरी' म्हणा.

मोडीवाचक :

वा! पोहरेकरी. दोन स्वरांचा फरक आणि 'पहारेकरी'. बाहेरच्या जगाला ऐकू येईल तो पहारेकरी, म्हणजे कुणाच्याही नजरेत न भरणारा, किल्ल्यावर पैशाला पासरी मिळणारा माणूस. खरे नाव उघड्यावर उच्चारले तरी गुप्तच राहील. प्रतिसरकारचे पत्री सरकार आपोआप झाले. इथे तसाच अपभ्रंश मंडळीने स्वतःच्या सोयीसाठी पाळून ठेवलेला आहे, असे दाखवता येईल.

निळीशाई :

हॅरी पॉटरच्या लेखिकेने खलनायकाच्या अनुयायांसाठी आधी योजलेले नाव 'नाइट्स ऑफ वॉल्पर्गिस' असे होते. ३० एप्रिलच्या, चेटकिणींच्या मेळ्याच्या रात्रीला 'वॉल्पर्गिस नाइट' म्हणतात. 'रात्र' आणि 'सरदार' या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार एकच असल्याने ही कोटी साधली होती. ती छापात टिकली नाही. पोहरेकरी मला त्याहून सरस वाटते, कारण इथे दोन शब्दांत नुसता नाद नाही, भांडणही आहे. पहारेकरी पाणी अडवतो. पोहरेकरी ते वर काढून देतो.

उंबरठा :

हे पटले. पहाऱ्यावर नेमलेली माणसे रात्री पाणी शेंदून तटाबाहेर पोचवतात, अशी मंडळी असेल, तर ती गुप्त का राहते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. 'अमृतक्षत्र' हे नाव वाया घालवू नका. ते किल्ल्यावरच्या ज्या अधिकृत मंडळाने झऱ्याला कुलूप लावले आहे, त्याला द्या.

तांबडापांढरा :

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे म्हणतात. इथे आडातही होते आणि पोहऱ्यातही आले. फक्त दोर चौदा प्रतिसादांचा लागला. एक व्यावहारिक शंका आहे. मुद्रितशोधक हा शब्द दर पानावर 'दुरुस्त' करून 'पहारेकरी' करतील, त्याचे काय?

अंधारबाव (धागाकर्ता) :

मुद्रितशोधकांसाठी हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर ठळक सूचना लिहिली आहे. तरीही दोनचार ठिकाणी चूक राहिलीच, तर ती मंडळीची करामत समजावी.

चौथे प्रकरण नव्याने लिहायला घेतले आहे. दीक्षेच्या प्रसंगात पूर्वी तलवार, अभिषेक आणि मंत्र होते; ते सगळे काढून आता एक दोर, एक पोहरा आणि बेलभंडार एवढेच ठेवले आहे. नवी पोहरेकरीण पहिला पोहरा स्वतः वर ओढते, पण ते पाणी स्वतः पीत नाही, असे योजले आहे. मोडीवाचक काका, एवढेच सांगा, की बेलभंडार बावेच्या काठावर मांडून ठेवलेला असावा, की तिने सोबत आणावा?

मोडीवाचक :

बेलभंडार उचलायचा असतो. म्हणजे तो कुणीतरी पुढे धरायला हवा. कोण धरतो, ते आधी ठरवा.